जायफळाचं दूध

“गाडीत झोपायचं नाही, काकू. साहेबांचा नियम आहे,” वनरक्षकाने काठीने काच ठोठावत बजावलं.

गडाच्या पायथ्याशी डिसेंबरचं धुकं दाटलं होतं. “मग आम्ही घरी जातो की,” काकू म्हणाल्या.

“गेट आता सकाळी सहालाच उघडणार. तोवर जागं राहायचं. मी इथंच उभा आहे.”

शेजारी काका चरफडले. काकूंनी मात्र दहा मिनिटं त्या पोराचे दात वाजू दिले आणि मग मागचं दार उघडलं. “आत बसून पहारा कर रे. आमचा डोळा लागला तर हलवून उठव.”

तो बसला. काकूंनी त्याच्या पायांवर गोधडी घातली, थर्मासमधलं गरम दूध दिलं आणि त्यात जायफळाची पूड जरा सढळ हातानेच टाकली. “थंडीला बरं असतं.”

पेला संपतो न संपतो तोच त्याची मान कलली. मग काका-काकूंनीही निवांत ताणून दिली.

उजाडताना साहेबांच्या जीपचा आवाज आला, तशा काकू लगबगीने खाली उतरल्या आणि त्याच्याच काठीने काच ठोठावली.

“गाडीत झोपायचं नाही, बाळा. साहेबांचा नियम आहे.”