मुरलेली रिओहा

राजीवनं स्पेनची ती लाल रिओहा वाइन निवृत्तीच्या दिवसासाठी जपली होती. "आधी ओकच्या पिंपात मुरते, मग बाटलीत. घाईच्या माणसाचं कामच नाही," असं तो येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा. दर उन्हाळ्यात दोघं नवरा-बायको पुण्याला जाताना मात्र मस्कतमधल्या अझैबातल्या फ्लॅटचा मेन स्विच आठवणीनं बंद करायची; मागे महिनाभर एसीही बंद.

डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तो म्हणाला, "श्यामला, उघड आता ती."

तिनं घोट घेतला. मस्कतच्या उन्हाळ्यांनी वाइनचं पार व्हिनेगर करून टाकलं होतं.

राजीवनंही घोट घेतला आणि लहान मुलासारखं विचारलं, "थांबल्याचं सार्थक झालं ना गं?"

"झालं."

केमोनं त्याच्या जिभेची चव नेली, याचं तिला पहिल्यांदाच बरं वाटलं.