काकूंचं जुळं

"काकू, गिरणी बंद करा! तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात!" नसीम फोन नाचवत आत शिरली.

"कशात पुढे?"

"ऑनलाइन सर्वेक्षणात! 'सरपंच कोण हवं?' असं विचारलं, तर निम्म्याहून जास्त गावाच्या फोनमधल्या जुळ्यांनी तुमचंच नाव सांगितलंय!"

द्वारकाकाकूंना पटेना. त्या तर निवडणुकीला उभ्याच नव्हत्या. दळण घेऊन आलेल्या बायकांकडे त्यांनी रोखून पाहिलं.

"मी कुणाला काही बोलले नाही बाई," यमुना हसत म्हणाली.

ते खरंच होतं. बोललं होतं तिच्या फोनमधलं जुळं, म्हणजे तिची डिजिटल नक्कल. ते तिच्यासारखाच विचार करायचं, पण त्याला भावकीची भीड नव्हती.

"तुमचं जुळं काय म्हणालं, तेही बघा की!" नसीम म्हणाली.

काकूंनी पिठाळ बोटांनी आपला फोन उघडला. त्यांच्या जुळ्यानं जुन्या सरपंचांचं नाव दिलं होतं. खाली कारणही होतं: 'आपल्याला कुठं जमणार?'

बायका खो खो हसल्या. काकू मात्र फोनकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी खटका दाबून गिरणी बंद केली.

अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस होता. यमुनेच्या नवऱ्याचा टेम्पो बायकांनी खच्चून भरला. दळण अर्धंच राहिलं, तरी कुणी कुरकुरलं नाही.

तहसील कचेरीत काकूंनी सही केली. पेन खाली ठेवायच्या आत कमरेचा फोन थरथरला. जुळ्यानं लिहिलं होतं:

'माझं उत्तर बदललंय. द्वारका गिरणीवाली. कारण: जमेल.'