पोतंभर औषध

"एकच औषध उरलं होतं, काका. शेवटचं," डॉक्टर मोल्दोवानबाई म्हणाल्या. "बाकीची सगळी देऊन झाली. हे आम्ही सहसा बाहेर काढतच नाही."

"मग काढा की आता," आकीम म्हणाला. "काय नाव त्याचं?"

"कोलिस्टिन."

आकीम खुर्चीतून अर्धा उठला. बायकोला इथे आणल्यापासून दवाखान्यातला एक शब्द त्याला धड कळला नव्हता. हा कळला.

"अहो डॉक्टरबाई, मग एवढा घोर कशाला करताय? ते तर माझ्याकडे पोतंभर पडलंय! पिलं डुकरिणीपासून तोडली की हगवण लागते ना, म्हणून कोंड्यात मिसळतो मी. आत्ताच्या गाडीनं जातो नि घेऊन येतो. लागेल तेवढं घ्या. दुसऱ्या पेशंटांनाही द्या."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे.

"बसा, काका. ते आम्ही दिलंय. लागू पडत नाहीये."

"शिळं असेल तुमचं."

"शिळं नाही. सावेताकाकूंच्या जखमेतले जंतू त्याला दाद देत नाहीत. म्हणूनच तर तुमच्या डुकरांची विष्ठा आणि तुमची शी तपासायला मागवली होती. तुम्ही नर्सशी भांडलात त्यावरून."

"भांडणार नाही तर काय? आजारी ती, नि शी माझी!"

"तुमच्याही पोटात तेच निघालंय."

"माझ्या? मला काय धाड भरलीय?"

"काहीच नाही. डुकरांनाही काही झालेलं नाही. त्यांच्या पोटातले जंतू वेगळे, काकूंच्या जखमेतले वेगळे. पण औषधातून वाचायची युक्ती सगळ्यांची एकच. रोज थोडं थोडं औषध पोटात गेलं, त्यातून जे जंतू जगले ते ही युक्ती शिकले. आणि शिकलेले दुसऱ्यांना देतात. शेजारीण शेजारणीला वाटीभर विरजण देते ना, तसं. मग ते खतात जातं, खतातून वाफ्यात, विहिरीत..." त्या थांबल्या. "ऑपरेशननंतर घरी जखम कोण धूत होतं?"

"मीच. पोरगा इटलीत. दुसरं आहे कोण? डुकरांचं आटपून आलो की रोज संध्याकाळी धुवायचो. हात स्वच्छ धुऊन हं. विहिरीच्या पाण्यानं."

हे त्यानं जरा अभिमानानंच सांगितलं. मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "आता त्यांचं शरीर जेवढं झुंजेल तेवढं," त्या म्हणाल्या. "जा, बसा त्यांच्याजवळ."

सावेताची खोली बोळाच्या टोकाला, काचेच्या दारामागे होती. नर्सनं आकीमला पिवळा डगला चढवला, तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे दिले. आत दुसरी खाट होती, तिच्यावरची गादी गुंडाळून ठेवलेली. सावेता आपल्या खाटेत इवलीशी झाली होती.

"तिकडेच बस," ती म्हणाली. "जवळ येऊ नकोस. मला काहीतरी वाईट झालंय. जेवण आणणारी बाई ताट दाराशी ठेवून पळते."

"नर्स येतात ना?"

"येतात. रबरी हातांनी शिवतात. काल ताप बघायला एकीनं कपाळावर हात ठेवला, तर बरणीचं झाकण ठेवल्यासारखं वाटलं." ती हसायला गेली, पण टाक्यांवर ताण आला. "आल्यापासून माणसाचं बोट लागलं नाही मला, आकीम."

आकीमनं खुर्ची ओढली, तिच्या उशाशी बसला आणि हातमोजे काढले.

"अरे! वेड लागलं का तुला? घाल आधी ते!"

"मलाही तेच आहे."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरबाईंनी. तपासलं माझं." पुढचं सांगायचं नाही असं बोळातून येताना त्यानं ठरवलं होतं. आता तो भिंतीकडे बघून बोलला. "तुझ्या आधीपासून आहे. डुकरांकडून मला आलं. माझ्याकडून तुला."

बाहेर कुणीतरी चाकांची गाडी ढकलत नेली. तिचा आवाज लांब जाईपर्यंत दोघं ऐकत राहिली.

"तुला दुखतं का कुठे?" तिनं विचारलं.

"नाही."

"ताप?"

"नाही गं."

"देवाची कृपा," ती म्हणाली. सुई टोचलेल्या हातानं तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. मग त्याचा हात ओढून आपल्या गालाखाली घेतला. गाल तव्यासारखा तापला होता. ती तशीच पडून राहिली, डोळे मिटून. झोप लागली असं त्याला वाटलं.

"म्हणजे माझ्यामुळे तुला काही व्हायचं नाही," ती डोळे न उघडता म्हणाली.

"नाही."

"मग मी इथे एकटी कशाला पडलेय? घरी ने मला."

"डॉक्टरबाई सोडायच्या नाहीत."

"त्यांना विचारू नकोस ना. कोट घाल मला, नि चल."

काचेपलीकडून नर्स त्याला हातमोजे घालायच्या खुणा करत होती. आकीमनं तिकडे पाहिलं नाही. तो उठला, गुडघ्यांवर बसला आणि सावेताचे बूट शोधायला खाटेखाली वाकला.

खाली काहीच नव्हतं. तिला दाखल केलं त्याच दिवशी तिचे बूट आणि कोट पिशवीत घालून त्यानंच घरी नेले होते.