झाकून ठेवलेला मोर

कॉम्प्युटरवर बिघाडाचा निळा पडदा चौथ्यांदा आला, तेव्हा आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "गेला माझा मोर!"

पैठणीची नक्षी काढायचं त्यांचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालायचं. लेकीनं, प्रणितानं, कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही नवी प्रणाली घातली होती आणि तेच जुनं विंडोज आता लिनक्समधल्या एका चौकटीत उघडायची तिची खटपट चालली होती.

"आप्पा, काल विंडोज नीट बंद केलं होतं ना?"

"बंद कशाला करू? अर्ध्या नक्षीवर मी मागसुद्धा सोडत नाही. झोपवलं आणि वर फडकं टाकलं."

प्रणिता हसायलाच लागली. "मग ते या चौकटीत, परक्या घरात जागं होऊन घाबरणारच! पण चाचणीत मी डिस्कवर काही लिहू दिलेलं नाही. मोर आहे तिथंच असेल."

तिनं कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून थेट जुनं विंडोज उठवलं. पदरावरचा मोर तसाच होता. फक्त चोच काढायची राहिली होती.

"आता सेव्ह करून पूर्ण बंद करा."

"आधी चोच होऊ दे."

चोच झाली. साडी मागावरून उतरवताना जोडायचे तसे हात जोडून आप्पांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा विंडोज बंद केलं.

या वेळी ते चौकटीत मुकाट्यानं उघडलं आणि त्यात मोरही दिसला, चोचीसकट. आप्पांनी खाकरत टोपी चढवली आणि कॉम्प्युटरचं फडकं लेकीकडे फेकलं.

"घे, भांडी पुसायला होईल."