मास्तरांचा हात

विमान एकदम खाली कोसळलं. पट्ट्यांनी खांदे करकचून धरले होते म्हणून, नाहीतर को-पायलट पोरीचं डोकं छताला आपटलं असतं. मागे दीडशे माणसं होती. त्यांचा एकच ओरडा उठला आणि बंद दारातून थेट कॉकपिटमध्ये आला. पाठोपाठ गारांचा मारा सुरू झाला. समोरच्या काचेवर कुणी गोण्यांनी खडी ओतत असावं, तसा तो आवाज होता. शेजारी कॅप्टन बसले होते.

कंपनीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. निम्म्याअधिक वैमानिकांना त्यांनीच तयार केलं होतं. हिलाही त्यांनीच शिकवलं. सरावाच्या खोट्या कॉकपिटमध्ये, जिथे शिकाऊ लोक न मरता शंभरदा मरतात, तिथे ते तिच्या बोटांवर फूटपट्टी ओढत आणि एकच धडा घोकून घेत. वादळात उतरताना एकानं बाहेर बघायचं, दुसऱ्यानं फक्त काट्यांकडे. बाहेर बघणारा चुकला, तर काटे बघणाऱ्यानं त्याला हाक मारायची. दोन हाकांना उत्तर आलं नाही, की विमान काटे बघणाऱ्याचं. मग शेजारी कुणी का बसलेला असेना.

आज बाहेर बघायचं काम मास्तरांचं होतं. काटे तिच्या वाट्याला होते.

ढग फाटले. संध्याकाळच्या अंधारात खाली दिव्यांच्या दोन रांगा दिसल्या.

"दिसली धावपट्टी. उतरतोय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी विमान डावीकडे वळवलं.

तिला बाहेर बघायचा जबर मोह झाला. पण तिनं मान वळवली नाही. समोरचा काटा मधून सुटला, सरकत सरकत गेला आणि पार कडेला जाऊन टेकला. काट्याचं म्हणणं होतं, धावपट्टी उजवीकडे राहिली.

"सर, काटा सुटलाय. वर चला."

उत्तर नाही. वाऱ्याचा गुद्दा बसला आणि विमान एका पंखावर कलंडलं. मास्तरांनी दातओठ खात ते सरळ केलं. त्यांचे डोळे त्या दिव्यांना चिकटले होते.

"सर. वर चला."

उत्तर नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र बोंबलायला लागलं. तिचा हात उचलला गेला आणि अर्ध्यावर अडकला. मास्तरांच्या पुढे होऊन कधी जिनाही न उतरलेली पोर ती.

"सर," ती पुन्हा म्हणाली. या वेळी ती चक्क गयावया करत होती.

मग तिनं थ्रॉटलला हात घातला. ते दोन दांडे पुढे लोटले की इंजिनांना जोर मिळतो. पण त्यांच्यावर मास्तरांचा उजवा हात घट्ट बसला होता. तिनं पुढे ढकललं, त्यांनी मागे खेचलं.

"हात काढ," मास्तर गुरगुरले आणि त्यांचं कोपर तिच्या नाकावर बसलं.

तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडात रक्त उतरलं. तिनं सीटजवळची जाड टॉर्च उपसली आणि मास्तरांच्या बोटांवर हाणली. पकड सुटेना. तिनं पुन्हा हाणली, जीव खाऊन. गारांच्या त्या गदारोळातही काहीतरी कडकन मोडल्याचं तिला ऐकू आलं. मास्तर कळवळले आणि हात सुटला.

"विमान माझं," ती म्हणाली. थ्रॉटल पुढे लोटून तिनं सुकाणू पोटाकडे ओढलं. इंजिनं डरकाळली. मागे सामानाची कपाटं फटाफट उघडून बॅगा माणसांच्या डोक्यांवर पडल्या. विमान थरथरत अजून थोडं खाली गेलं आणि मग चढायला लागलं. तेवढ्यात वीज चमकली. खाली नदीवरचा पूल होता. दिव्यांच्या दोन रांगांमध्ये ट्रक खोळंबले होते, आणि एक ड्रायव्हर उघड्या दारात उभा राहून वर बघत होता. त्याचा वासलेला जबडासुद्धा दिसला.

मास्तरांनी तो पूल पाहिला. त्यांनी मोडलेला हात मांडीवर घेतला. शेजारच्या शहरात आभाळ मोकळं होतं. तिथे तिनं विमान उतरवलं. मागे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरेच जण ओकत होते.

दुसऱ्या दिवशी वैमानिकांच्या साहेबांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. तिच्या नाकात कापसाचे बोळे होते. मास्तरांचा हात प्लास्टरमध्ये होता. नोकरी जाईल ही धास्ती तिला होतीच. पण ज्या माणसानं आपल्याला उडायला शिकवलं, त्याचाच हात आपण मोडला, हे तिला आतून खात होतं. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

"मास्तर, पूल तुम्हाला धावपट्टी वाटला, हे तुम्ही स्वतःच कबूल केलंय," साहेब म्हणाले. "तो विषय संपला. पण हिनं तुमच्यावर हात उचललाय. हिच्याबद्दल तुमची काही तक्रार आहे?"

"आहे," मास्तर म्हणाले.

तिनं मान खाली घातली.

"हिनं माझी भीड ठेवली. दोन हाकांनंतर विमान हिचं झालं होतं, तरी मला तिसऱ्यांदा सर म्हणत बसली."