मूठभर कोंडा

सासूचं नाव कोंडाबाई. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून तिच्या आईनं तिला शेजारणीच्या ओटीत टाकून मूठभर कोंड्याच्या बदल्यात परत घेतलं होतं. इतक्या कवडीमोल पोरीकडे मरणही बघत नाही म्हणे. सीमाला त्या नावाची लाज वाटायची. हिंगोलीच्या कॉलनीत ती सासूची ओळख ‘कुंदाबाई’ अशी करून द्यायची. सासूनं कधी तक्रार केली नाही. पुढं सीमाची दोन लेकरं पाळण्यातच गेली. आज तिसरीचं बारसं. भिंतीवर ‘देवश्री’ लिहिलेले फुगे. आत्या कानात नाव सांगायला वाकली, तोच सीमानं लेक उचलून शेजारणीच्या ओटीत घातली आणि तिच्यापुढे मूठभर कोंडा धरला. “घ्या. माझी मला द्या.” लेकरू परत देताना शेजारणीनं विचारलं, “मंग देवश्री न्हाई म्हणायचं?” “न्हाई. कोंडाबाई,” सीमा सगळ्यांदेखत म्हणाली. आत घुगऱ्या ढवळणाऱ्या सासूनं ओ दिली.