चार नंबरची मादी

"आता नीट बघा," निवेदिता मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी नर उंदराला चार नंबरच्या पिंजऱ्यात सोडलं.

मादी कोपऱ्यात पळाली, चिरकली, आणि तरीही तो मागे आला तेव्हा तिनं त्याला सणसणीत लाथ हाणली. मोताळ्याहून आलेले दहा-बारा विज्ञान शिक्षक पोट धरून हसले.

चिखलीतल्या एका कॉलेजच्या या प्राणीगृहात मॅडम बारा वर्षं हा प्रयोग शिकवत होत्या, पण इंग्रजीत. आजचे पाहुणे जिल्हा परिषदेच्या शाळांमधले, म्हणून पहिल्यांदाच मराठीत बोलणं चाललं होतं आणि मॅडमना स्वतःचंच बोलणं ऐकायला भारी गोड वाटत होतं.

"हिची अंडाशयं आपण काढलीत," त्या सांगत होत्या. "त्यांच्यातून दोन हार्मोन रक्तात उतरतात आणि मेंदूच्या तळाशी खसखशीच्या दाण्याएवढी एक जागा आहे, तिथं पोचतात. ते पोचले नाहीत, की ही नराला जवळ येऊ देत नाही. पाच नंबरचीही काढलीत, पण तिला परवा एका हार्मोनचं इंजेक्शन दिलं आणि आज सकाळी दुसऱ्याचं. चहानंतर तिच्याकडे नर सोडू, तेव्हा बघा ती कशी पाठ वाकवून शांत उभी राहील. म्हणजे ती गुणाची आणि ही भांडखोर, असं नाही हं. हिच्या स्वभावाचा यात काडीचा संबंध नाही."

"म्हंजे मॅडम, नवरा-बायकोचं भांडण नाईच हे," शिक्षकांपैकी हरिओम सर म्हणाले, "सगळी करामत सुईची हाय!"

पुन्हा हशा झाला. मॅडमही हसल्या, आणि हसता हसता त्यांचं लक्ष मोरीकडे गेलं. तिथं शालूबाई पिंजरे घासत असत, तेही बारा वर्षांपासून. नळ वाहत होता. शालूबाईंचा हात थांबला होता आणि त्या चार नंबरकडे बघत होत्या.

मॅडमचं हसू तिथंच विरलं. चार वर्षांपूर्वी शालूबाईंनी दवाखान्याची फाइल आणून दिली होती. "इंग्रजीत हाय, जरा वाचून सांगा." मॅडमनी वाचलं होतं: वय छत्तीस, गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली. "सगळं व्यवस्थित आहे," म्हणून त्यांनी फाइल परत दिली होती. सहा महिन्यांनी शालूबाईंचा नवरा दयाराम कॉलेजच्या फाटकाशी हात जोडून उभा राहिला. "ऑपरेशन झालं तवापासून जवळ येऊ देत नाई, मॅडम. तुमचं ऐकते ते. तिले समजावा."

आणि मॅडमनी समजावलं होतं. याच खोलीत, याच पिंजऱ्यांसमोर, चांगला अर्धा तास. संसार म्हटला की बाईला थोडं मन मारावं लागतं, वगैरे. शालूबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "माहंच चुकते, मॅडम." त्या दिवाळीच्या आत दयाराम जळगाव जामोदला दुसऱ्या बाईसोबत राहायला गेला.

शिक्षक चहाला बाहेर पडले. शालूबाईंनी नळ बंद केला आणि पदराला हात पुसले.

"हे तुमाले आताच समजलं का, मॅडम?"

"नाही. आधीपासून माहीत होतं."

"माह्या ऑपरेशनच्या टायमाले?"

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, बाईचं सगळं इतकं सरळ नसतं, असं मॅडमच्या अगदी ओठांवर आलं. ते खरंही होतं. पण त्या खऱ्याच्या आड लपायची त्यांना लाज वाटली.

"हो."

"त्याच्यावर कायी औषध राह्यते का?"

"असतं. गोळ्या असतात. 'डॉक्टरांना विचारा', एवढं तरी मी तेव्हा सांगायला हवं होतं." मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "शालूबाई, माझं चुकलं हो."

शालूबाई रडल्या असत्या, चिडल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्या नेहमीसारख्या कामाला लागल्या. चार नंबरमधला नर त्यांनी अलगद उचलला आणि त्याच्या पिंजऱ्यात नेऊन सोडला. मादी अजून कोपऱ्यातच अंग चोरून बसली होती. शालूबाईंनी तिची पाण्याची बाटली भरून लावली आणि कडी घातली. कडीवरचा हात मात्र लगेच निघाला नाही.

"मॅडम," त्या पिंजऱ्याकडे बघतच म्हणाल्या, "हिले कोणी समजवाले नाई आलं न?"